पैठणला निघालेल्या तिघी

वाळूजच्या कंपनीत बाहेरगावचे साहेब आले की त्यांना औरंगाबाद दाखवायची रीत होती. पांढऱ्या गाडीतून आधी वेरूळ, मग मकबरा, संध्याकाळी स्टेशन रोडच्या मोठ्या हॉटेलात जेवण आणि निघताना घरच्या बाईसाठी पैठणी. पॅकिंग खात्यातल्या बायका बाटल्यांची झाकणं पेट्यांत भरता भरता खिडकीतून ती गाडी फाटकाबाहेर पडताना बघायच्या. गाडी धुळीत दिसेनाशी झाली की पुन्हा झाकणं.

त्या हिवाळ्यात कंपनीनं ऑफिसातल्या लोकांची बायकामुलांसकट पैठणला सहल काढली. धरणाखालची बाग, झोपाळे, आणि अंधार पडायला लागला की गाण्याच्या तालावर उडणारी रंगीत कारंजी. सोमवारी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. पॅकिंगमधल्या राजाबाईनं ते ऐकलं आणि सुपरवायझरला गाठलं.

"साहेब, आन् आमची सहल कवा?"

सुपरवायझर हसला. "राजाबाई, सहल बाहेरून आलेल्यांसाठी, पाहुण्यारावळ्यांसाठी असते. तुम्ही इथल्याच. तुम्हाला काय बघायचंय?"

"हितल्या हाव म्हनूनच इचारते. माझ्या मेंढ्या जिथं बसायच्या तिथं हे तुमचं खातं उभं हाय. हितं पाव्हना कोन आन् घरचा कोन, ते तुमी मला नका सांगू."

राजाबाई धनगराची. नवरा मुंजाबा अजून थोडी मेंढरं घेऊन गंगापूरकडं फिरायचा, पण वाळूजच्या माळावर शेड उभ्या राहिल्या तसं चराईचं रान संपलं आणि राजाबाई कंपनीत आली. बोलायला मोकळी, हसायला मोठी. तिच्या शेजारी झाकणं भरायची मनकर्णाबाई थोटे. ती पाटलाची लेक. सासरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, नवरा वारला, आणि दिरांच्या तोंडाकडं बघत बसण्यापेक्षा तिनं कंपनीचं फाटक गाठलं. माहेरी ते कुणालाच आवडलं नव्हतं. तिसरी केसरबाई, या दोघींपेक्षा बरीच लहान. परभणीकडची. कंपनीजवळच्या रांजणगावात खोली घेऊन राहायची. हात इतका चलाख की सुपरवायझर पाहुण्यांना तिच्याच टेबलाशी आणून उभा करायचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पितळी बिल्ला होता, त्यावर बाबासाहेबांचं चित्र.

दुपारी तिघी एकत्र जेवायच्या. मनकर्णाबाई केसरच्या डब्यात हात घालायची नाही. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. राजाबाई दोन्हीकडचं खायची.

सुपरवायझर हसला त्याच दुपारी राजाबाई म्हणाली, "त्यांनी नाय नेलं तर आपुन जाऊ. ती स्टेशनापासनं पाव्हण्यांची गाडी निघती ना, तिचं तिकीट काढू. जेवन, बाग, कारंजं, समदं."

"लोक हसतील," मनकर्णाबाई म्हणाली.

"हसू दी. आपल्याला बघून कोनी हसलं तर तेवढीच त्यांचीबी सहल."

केसरनं डबा पुसून झाकण लावलं. मग म्हणाली, "मी येते. पन मला खिडकी पायजे."

*

रविवारी सकाळी तिघी स्टेशन रोडला सहल कंपनीच्या गाडीजवळ आल्या तेव्हा दारात बद्रीनाथ उभा होता. हा गाडीतला माहिती सांगणारा माणूस. गळ्यात टाय, हातात माईक, चेहऱ्यावर सगळ्यांना खूश ठेवायची धडपड.

"मावशी, लाल गाडी तिकडं स्टँडावर लागते," तो म्हणाला.

राजाबाईनं तिकिटं त्याच्या नाकापुढं धरली. बद्रीनाथनं ती उलटीसुलटी बघितली आणि बाजूला झाला. तिघी चढल्या आणि पुढच्याच बाकांवर बसल्या.

"मावशी, पुढचं जरा पाहुण्यांना ठेवतो आम्ही. लांबून आलेले असतात ना."

"आमीबी लांबूनच आलोय बाबा. हितवर यायला अर्धा जलम गेला."

बद्रीनाथ माईकची वायर सोडवायला लागला. मागच्या बाकांवर पुण्याचं एक नवं जोडपं बसलं, दोनतीन कुटुंबं बसली आणि तिघींच्या बरोबर पलीकडं कलकत्त्याचे म्हातारा-म्हातारी. म्हातारीच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. राजाबाईनं त्या हात धरून बघितल्या, म्हातारीनं राजाबाईचे चांदीचे गोठ बघितले. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नव्हतं, तरी गाडी निघेपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं. ड्रायव्हर गफूरभाई आरशातून हे बघत होता आणि मिशीत हसत होता.

शहर मागं पडलं. चितेगावच्या अलीकडं रस्त्याकाठच्या एका हॉटेलात जेवणाची सोय होती. बागेत टेबलं मांडलेली, झाडांना कंदील टांगलेले. मालकानं पाहुण्यांना हात जोडून खुर्च्या दाखवल्या. तिघी जवळ आल्या तसा त्याचा हात दुसरीकडं वळला.

"तुमच्यासाठी मागं चिंचेखाली चटई टाकलीय. मोकळं बसता येईल."

"चटई कशापायी? खुर्च्या रिकाम्या हायत," राजाबाई म्हणाली.

"ड्रायव्हर-क्लीनर लोकांचं तिकडंच असतं. सवयीचं."

"आमी गाडी चालवत नाय," केसर म्हणाली. तिनं एक खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि बसली. "आन् मोकळं हितंबी बसता येतं."

मालकानं बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथनं पाण्याच्या तांब्याकडं बघितलं. तेवढ्यात कलकत्त्याच्या म्हातारीनं हातवारे करून तिघींना आपल्याच टेबलाशी बोलावलं आणि राजाबाईला दंडाला धरून शेजारी बसवलं. आता मालकाला ताटं तिथंच पाठवावी लागली. पुरी, श्रीखंड, भरली वांगी, आमटी. एवढ्याशा वाटीतलं श्रीखंड राजाबाईनं दोन बोटांत संपवलं आणि वाढप्याला हाक मारली. त्यानं मालकाकडं बघत पुन्हा वाढलं. तिनं पुन्हा बोलावलं.

"आमटीला काय धग नाय," ती मालकाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "पन श्रीखंड झ्याक."

मनकर्णाबाई खाली मान घालून जेवत होती. खुर्चीवर बसून, अनोळखी माणसांसमोर, केसरच्या ताटाला ताट लावून ती पहिल्यांदाच जेवत होती. जेवली मात्र पोटभर.

*

विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा पंधरा वर्षांचा झाला होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, ही एका बाजूची मागणी. देऊ देणार नाही, ही दुसरी बाजू. पहिल्याच साली खेडोपाडी घरं जळली, माणसं मेली. मधे काही वर्षं राख धरल्यासारखी गेली आणि त्या हिवाळ्यात सरकार आता नाव देणार अशी कुणकुण लागताच पुन्हा धूर निघायला लागला. शहरात रोज मोर्चे. बाहेरच्या पाहुण्यांना यातलं काही कळू नये याची बद्रीनाथ फार काळजी घ्यायचा. मोर्चा दिसला की तो माईकवर पाणचक्कीची माहिती सांगायला लागायचा.

बिडकीन गेलं. मनकर्णाबाई पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलायला लागली. पुढच्या फाट्यावरून आत तिचं माहेर होतं.

"ती बाभळीची रांग दिसती ना, तिच्या पल्याड आमचा मळा. भाऊ माझा, काकासाहेब, लई कष्टाळू. नागपंचमीला मी येते, तर लिंबाला झोका बांधून ठेवतो, अजून."

फाट्यावर धूर दिसला. जवळ गेल्यावर दिसलं, रस्त्यात टायर जळत होते, एक बैलगाडी आडवी टाकली होती आणि काठ्या घेतलेली पोरं घोषणा देत होती. नामांतर होऊ देणार नाही. गफूरभाईनं गाडी थांबवली. मागं वळायची सोय नव्हती, कारण पाठोपाठ कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग येऊन लागली होती.

"बद्रीभाई," गफूरभाई हळूच म्हणाला, "आगे नै जा सकते, पीछे बी नै."

पोरं एकेक गाडी तपासत होती. पैठणला नामांतरवाल्यांची सभा होती म्हणे, तिकडं कोण चाललंय ते बघायचं होतं. नाव विचारायचं, आडनाव विचारायचं, गाव विचारायचं.

मनकर्णाबाईनं केसरचा हात घट्ट धरला. "केसर, ते गळ्यातलं आत घाल. नाव इचारलं तर थोटे सांग. माझी जाऊ हायस म्हन."

"सांग बाई," राजाबाईही म्हणाली. "वखत कसा हाय बग."

केसरनं बिल्ला पोलक्यात सरकवला. हात तिथंच छातीवर राहिला.

ती सोळा वर्षांची असताना पहिल्या साली तिचं घर जळालं होतं. बापानं सगळ्यांना घेऊन जालन्याकडची एक वीटभट्टी गाठली आणि भट्टीच्या मालकाला दुसरंच आडनाव सांगितलं, दुसरीच जात सांगितली. ते नाव घेऊन ती तिथं दोन पावसाळे राहिली. कुणी त्या नावानं हाक मारली की तिला पटकन ओ देता यायची नाही आणि बाप रागवायचा. आई तिथंच वारली. तिला उचलून नेलं तेही खोट्याच नावानं. रडतानासुद्धा आपलं खरं काही तोंडातून निघू नये म्हणून बापानं पोरींच्या तोंडावर हात ठेवले होते.

दोन पोरं गाडीत चढली. पुण्याच्या जोडप्यानं घाईघाईनं नावं सांगितली. कलकत्त्याच्या म्हाताऱ्याचं नाव त्यांना उच्चारता आलं नाही, पोरं हसून पुढं सरकली.

"राजाबाई मुंजाबा गडदे," राजाबाईनं न विचारताच सांगितलं. "धनगराची. मेंढरं संगं नायत, न्हायतर त्यांचीबी नावं सांगितली असती."

"ह्या?" पोरानं काठीनं केसरकडं दाखवलं.

"त्या यांच्या जाऊबाई," बद्रीनाथ मधेच बोलला. मघाशी गाडीतलं कुजबुजणं त्यानं ऐकलं असावं.

केसर उभी राहिली. पोलक्यातला बिल्ला तिनं ओढून बाहेर काढला.

"मी कुनाची जाऊ नाय," ती म्हणाली. "केसरबाई शिवराम हिवराळे."

पोरानं दारातून तोंड बाहेर काढून हाक मारली, "अप्पाराव! ओ अप्पाराव, हिकडं या!"

पांढरा सदरा घातलेला एक तरणाताठा पुढारी वर आला. त्यानं आधी केसरकडं बघितलं, मग तिच्या शेजारी, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आत्या? तू हितं?"

तो काकासाहेबाचा मुलगा होता. मनकर्णाबाईचा भाचा.

"सहलीला निघाले," मनकर्णाबाई कशीबशी म्हणाली.

"असल्यांच्या संगं?" त्यानं मान फिरवली. "ह्या बाईला उतरवा रे. बाकी गाडी जाऊ द्या."

"उतरते की," केसर म्हणाली. "पन नाव हेच सांगून उतरते. पहिल्या साली तुमच्यासारख्यांनी घर जाळलं तवा मी दुसऱ्याच्या नावानं जगले. एकदा जगले. आता नाय जगायची. नाव बदलायचं ते विद्यापीठाचं. माझं हाय तेच ऱ्हाईल."

ती उतरली आणि गाडीच्या पुढं, जळत्या टायरांपासून चार हातांवर, रस्त्यात मांडी घालून बसली. राजाबाई लुगडं खोचून तिच्या पाठोपाठ उतरली आणि तिच्या शेजारी बसली.

"निघ रे ड्रायव्हर!" अप्पाराव ओरडला.

गफूरभाईनं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली. "जित्ते बिठा के लाया, उत्तेच लेके जाऊंगा," तो म्हणाला आणि त्यानं बिडी पेटवली.

त्यावर कलकत्त्याचा म्हातारा थर्मास घेऊन खाली उतरला. त्याला वाटलं, चहासाठी गाडी थांबलीय. तो बायांजवळ आला आणि रिकामा कप दाखवून बद्रीनाथला काहीतरी विचारायला लागला. काठ्या घेतलेल्या पोरांना याचं काय करावं कळेना.

गाडीत एकटी मनकर्णाबाई पुढच्या बाकावर उरली होती. खिडकीतून बाभळीची रांग दिसत होती. तिनं एकदा बाहेरच्या दोघींकडं बघितलं, एकदा बाभळींकडं. आणि मग ती उठली.

"आत्या, तू बस गाडीत," अप्पाराव म्हणाला. "गाव बघतंय."

"बघू दी," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "अप्पाराव, तुझ्या बारशाला पाळण्यात वाकून तुझ्या कानात नाव कोनी सांगितलं रे?"

"आत्या, हे आत्ता कशाला..."

"कोनी सांगितलं?"

"तू."

"नाव ठेवायचा मान आत्याचा. ठेवलं म्या. आज चौघांत त्याच नावाला नावं ठेवायची पाळी तू आनलीस. माझ्यासंगं सहलीला निघालेली बाई तू गाडीतून उतरवतोस? मंग मला आधी उतरव." आणि पाटलाची लेक, जिनं माहेरच्या रस्त्यावर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ती त्याच रस्त्यावर धुळीत केसरच्या दुसऱ्या बाजूला बसली.

मागं ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. उसाच्या गाड्या पोरं बिनबोभाट सोडत होती, कारण ऊस त्यांच्याच भावकीचा होता. पण आता गाडीच रस्त्यात उभी, तिच्या पुढं बाया, आणि गफूरभाई काही खिशातली किल्ली बाहेर काढेना.

"अप्पाराव, अरे काय चाललंय?" मागून कुणीतरी ओरडलं. "कारखान्याला नंबर हाय आमचा!"

"तुमचा रस्ता रोको, त्यात आमचाबी एक," राजाबाईनं ओरडून उत्तर दिलं. "बसा निवांत! आमाला घाई नाय."

हॉर्न वाढत गेले. अप्पाराव एकदा मागं गेला, एकदा पुढं आला. शेवटी काठी खाली टाकून म्हणाला, "जाऊ द्या रे. बायामान्सं हायत."

राजाबाई उठायला लागली. केसर उठली नाही.

"बाया म्हनून नगं सोडू," ती म्हणाली. "मघाशी नाव इचारून उतरवलंस. आता नाव घेऊनच बसव. म्हन, केसरबाई हिवराळे, गाडीत बसा."

अप्पाराव काळानिळा पडला. सगळी पोरं त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या तोंडून ते नाव निघणार नव्हतं, आणि ते घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती. मनकर्णाबाईला वाटलं, आता काठी पडणार. तिनं केसरच्या खांद्यावरून हात टाकला.

तेवढ्यात ट्रॅक्टरांच्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी तणतणत पुढं आला. डोक्याला टॉवेल, हातात उसाचं कांडं. त्यानं ना घोषणा ऐकल्या होत्या, ना भांडण.

"काय नाव हिचं? केसरबाई? ओ केसरबाई, बसा बाई गाडीत! माझा ऊस वाळून चालला!"

मग राजाबाईला हसू फुटलं. केसरही हसली. रडतही होती, हसतही होती. तिनं लुगड्याची धूळ झटकली आणि उठली. "बसते, मामा," ती म्हातार्‍याला म्हणाली.

पोरांनी बैलगाडी बाजूला ओढली. गाडी हलताना अप्पाराव खिडकीशी आला. "आत्या, ह्या फाट्यावर पुन्हा उतरू नगंस," तो म्हणाला. मनकर्णाबाईनं खिडकीची काच ओढून घेतली. गाडी थोडी पुढं जाते न जाते तोच एक दगड येऊन मागची काच फुटली. पुण्याची नवी नवरी किंचाळली. लागलं कुणाला नाही.

*

पैठण जवळ आलं तेव्हा बद्रीनाथनं माईक न घेताच सांगितलं, "मंडळी, झालं ते फार वाईट झालं. आपण बाग सोडू आणि तो फाटा टाळून पाचोडवरून थेट औरंगाबादला परत जाऊ." पुण्याच्या नवऱ्यानं लगेच मान डोलावली.

"आन् कारंजं?" केसरनं विचारलं.

"बाई, एवढं झाल्यावर कारंजं?"

"एवढं झालं म्हनूनच. सहल मोडावी म्हनून त्यांनी अडवलं. त्यांच्यानं मोडली नाय. आता आपुनच मोडायची व्हय?"

मघाशी आपण खोटं बोलून हिला वाचवायला गेलो आणि हिनंच आपल्याला गप्प केलं, हे बद्रीनाथच्या मनातून जात नव्हतं. शेवटी तो गफूरभाईला म्हणाला, "बागेकडं घ्या."

बागेत त्या दिवशी माणूस फारसं नव्हतं. गुलाबांच्या ताटव्यांतून तिघी हिंडल्या. राजाबाई लहान पोरांच्या झोपाळ्यावर बसली आणि रखवालदारानं शिट्टी मारेपर्यंत उतरली नाही. कलकत्त्याची म्हातारी तिला मागून झोके देत होती. केसरनं भेळ घेतली आणि कागदाची पुडी मनकर्णाबाईपुढं धरली. मनकर्णाबाईनं नको म्हणून मान हलवली. केसरनं पुडी मागं घेतली.

"भेळेचं नाय," मनकर्णाबाई थोड्या वेळानं म्हणाली. "घशाखाली काय उतरत नाय. माहेर गेलं माझं आज."

केसर तिच्याजवळ गवतावर बसली.

"म्या तुला माझं आडनाव दिलं," मनकर्णाबाई म्हणाली. "तुला ते नगं झालं. मला लागलं, केसर. खोटं नाय बोलत."

"तुमी जीव लावून दिलंत, काकू. मला कळतं. पन तुमी ते लपायला दिलं. उजेडात दिलं असतं तर गोष्ट येगळी."

मनकर्णाबाईनं हाताशी आलेलं गवत खुडलं. मग तिनं पुडीतले थोडे कुरमुरे उचलले आणि समोर बघत खाल्ले.

अंधारून आलं तसं गाणं सुरू झालं आणि पाणी उसळलं. आधी लाल, मग हिरवं, मग सोन्यासारखं पिवळं. राजाबाई सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. वाऱ्यानं तुषार अंगावर आले, तशी तिनं दोन्ही हात पसरले. आयुष्यभर डोंगरातले झरे बघितले होते, हंडे वाहिले होते, पण नुसतं बघण्यासाठी उडणारं पाणी ती पहिल्यांदाच बघत होती. "आगं, नाचतंय की हे!" ती ओरडली. केसर कठड्याला धरून उभी होती. रंग तिच्या चेहऱ्यावरून जात होते. गाणं संपलं, दिवे बदलले, दुसरं सुरू झालं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती हलली नाही. बद्रीनाथही मागं उभा होता आणि त्यानं चला म्हटलं नाही.

परतताना गाडी पाचोडवरून आली. फुटक्या काचेतून थंडी आत येत होती आणि कलकत्त्याच्या म्हातारीनं आपली शाल चौघींच्या पायांवर पसरली होती.

*

संक्रांतीला सरकारनं विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव घातलं. जुनं मराठवाडा नावही ठेवलं. शहरात धाकधूक होती म्हणून कंपनीनं पाळी बंद ठेवली. केसर विद्यापीठाच्या दारात गर्दीत गेली आणि राजाबाईला सोबत घेऊन गेली. "पुरतं नाय दिलं," ती परतताना म्हणाली, "पन दिलं. पुढचंबी घेऊ." मनकर्णाबाई त्या दिवशी घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं एवढंच विचारलं, "गर्दी लई होती का?"

माहेराहून तिला काही निरोप नव्हता. रंगपंचमी गेली, आखाजी गेली. नागपंचमीला दरवर्षी काकासाहेब न्यायला माणूस पाठवायचा, तोही आला नाही. पंचमीच्या दिवशी मनकर्णाबाईनं रजा टाकली, हिरव्या काठाचं लुगडं नेसली आणि लाल गाडीनं जाऊन त्याच फाट्यावर उतरली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर अप्पाराव बसला होता. त्यानं तिला बघितलं. तिनंही त्याला बघितलं आणि बाभळीच्या रांगेकडं चालायला लागली. तो उठला नाही.

ओसरीवर काकासाहेब पोथी घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"पंचमीला आले," मनकर्णाबाई म्हणाली. "बोलावणं नव्हतं, तरी आले. माहेर माझंबी हाय. अप्पारावनं फाट्यावर उतरायचं नाय म्हनून सांगितलं व्हतं. उतरले."

काकासाहेबानं पोथीचं पान उलटलं.

"आन् दादा, पुढच्या पंचमीला एकटी येनार नाय. माझ्यासंगं केसरबाई हिवराळे म्हनून बाई येईल. माझ्या पंगतीला बसून जेवंल. आत्ताच सांगून ठेवते, मागनं म्हनू नगंस, सांगितलं नाय."

काकासाहेबानं पोथी मिटली. बराच वेळ तो अंगणातल्या लिंबाकडं बघत बसला. लिंबाला या वर्षी झोका नव्हता. मनकर्णाबाई तिथंच खांबाला टेकून उभी राहिली, पाय दुखत होते तरी बसली नाही.

"पाणी घे आधी," शेवटी तो म्हणाला. बाकी कशाबद्दल तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

वहिनीनं आतून तांब्या आणला. मनकर्णाबाई पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं आणि मग ती ओसरीवर, भावाच्या शेजारी, बसली.